पाडलेल्या वस्तीची आठवण-मैफल : आधी नकाशा, मग फोटो, मग गाणं

सोलापुरातली आमची चाळ पाडून बरीच वर्षं झाली. तेव्हापासून चाळीचा, शेजारच्या एका वाड्याचा, रस्ता रुंदीकरणात गेलेल्या एका गल्लीचा असे फोटो आणि शास्त्रीय गाण्याचे चार कार्यक्रम करायला मी हातभार लावलाय, आणि अजून पाच-सहा ठिकाणी नुसती ऐकायला जाऊन बसलेय. जवळजवळ सगळीकडं गाडी एकाच जागी घसरते. लोक आधी हॉल धरतात, मग गायक ठरवतात, पत्रिका छापतात, आणि शेवटच्या आठवड्यात ग्रुपवर टाकतात, "ज्यांच्याकडं वस्तीचे जुने फोटो असतील त्यांनी पाठवावेत". मग येतात चाळीस अंधुक फोटो, त्यातले तीस लग्नातले, कुणाचं घर कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि ते सगळे लॅपटॉपवर लावून गायकाच्या डोक्यामागं पळवतात. पुढं गायक मारवा राग मांडतोय आणि मागं दर चार सेकंदाला फोटो सरकतोय, लोक "अरे हा आपला पम्या का बे" म्हणून ओरडतात. फोटो धड बघून होत नाहीत आणि गाणंही धड ऐकून होत नाही.

ते होऊ नये म्हणून हे लिहितेय. सगळ्याला मिळून तीन महिने धरा. दोन महिन्यांत जमतं, एका महिन्यात जमत नाही, प्रयत्न करून बघितलाय.

## टप्पा १ : माणसं आणि तारीख

पाच-सहा जणांची टोळी करा, पण सगळे एकाच घरातले किंवा एकाच जातीचे नकोत. सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी उर्दू या भाषा एका नळावर बोलल्या जायच्या, त्यामुळं टोळीत निदान तीन भाषा बोलणारी माणसं पाहिजेतच. याचं कारण अगदी व्यवहारी आहे. पूर्व भागातली एखादी अक्का मराठीत दोन वाक्यं बोलून गप्प बसते, तिच्याशी कुणी तेलुगूत बोललं की कपाटातला फोटोंचा डबा बाहेर येतो.

महिना डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतो, म्हाताऱ्या माणसांना हॉलमध्ये बसवता येत नाही आणि पंखे फुल सोडले तर तानपुरा ऐकू येत नाही. संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर गड्डा म्हणजे जत्रा असते, त्या दिवसांत अख्खं गाव तिकडं असतं, आणि मैदानाजवळचा हॉल असेल तर बाहेरचा आवाज आत येतोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी. म्हणजे डिसेंबर.

वार ठरवताना रविवार आपोआप धरू नका. वस्तीतल्या बायका विडी वळत असतील तर कारखान्यात विड्या जमा करायची त्यांची वेळ विचारा, यंत्रमागावरच्यांची सुट्टी विचारा. ज्यांची वस्ती, त्यांनाच यायला जमलं नाही तर बाकीच्यांना बोलावून काय करायचं?

थांबा : अजून हॉल धरायचा नाही, गायकाला फोन करायचा नाही. फक्त महिना ठरवा.

## टप्पा २ : वस्तीचा नकाशा काढा

हा टप्पा सगळेच गाळतात आणि पुढं प्रत्येक टप्प्यात त्याची किंमत मोजतात.

चार-पाच जुन्या जाणत्या माणसांना एकत्र बसवा, त्यात निम्म्या बायका पाहिजेत. पुरुष दुकानं आणि तालीम सांगतात, बायका नळ, संडासची रांग, पिठाची गिरणी, कुणाच्या दारात कुणाची चूल आणि भांडण कुठल्या भिंतीवरनं झालं ते सांगतात. घरं बायकांनाच जास्त नेमकी आठवतात. मोठा चार्ट पेपर जमिनीवर पसरा, शिसपेन्सिल घ्या, पेन नको.

सुरुवात अजून उभ्या असलेल्या गोष्टीपासून करा. एखादं लिंबाचं झाड, देऊळ, दर्गा, डीपी, चौकातली जुनी इमारत. तिथनं चालायला लागा, "देवळाकडं पाठ केली की डाव्या हाताला पहिलं कुणाचं?" असंच विचारायचं. "तुमच्या वस्तीत कोण कोण राहायचं?" असं विचारलं की माणूस गोंधळतो, पायानं चालायला लावलं की घरं आपोआप येतात.

मग कागदांशी ताडून बघा. नगर भूमापन कार्यालयातनं त्या भागाचा सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिकेचे उतारे रीतसर अर्ज करून मिळतात. वस्ती गेल्या वीसेक वर्षांत पाडली असेल तर कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो उघडा, त्यात वर घड्याळाचं बटण आहे, ते दाबून मागची वर्षं बघता येतात, छपरं आणि गल्ल्यांची वळणं स्पष्ट दिसतात. जुनी पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, लाइटबिल, रेशनकार्ड यावर घरनंबर असतात, ते नकाशावर चढवा. घरनंबर मिळालाच नाही तर स्वतःचे नंबर द्या, पहिली ओळ १ ते १४, दुसरी १५ ते ३० असं.

दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. एका बैठकीत आमच्याकडं नळ डाव्या बाजूला का उजव्या यावर पाऊण तास गेला आणि शेवटी कळलं की नळ हलवला होता, दोन्ही मावश्या बरोबर होत्या.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मालकांची नावं कागदावर सापडतात, भाडेकरूंची सापडत नाहीत, आणि मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची तर कुठंच सापडत नाहीत. ती मुद्दाम विचारून घ्या. तिथं राहिलेला प्रत्येक माणूस नकाशावर आला पाहिजे.

तपासा : प्रत्येक चौकोनात नंबर आणि निदान एक नाव आहे का? रिकामा चौकोन असेल तर अजून कुणाला तरी भेटायचं राहिलंय.

## टप्पा ३ : फोटो मागायला घरी जा

ग्रुपवर फोटो मागितले की लोक फोटोचा फोटो काढून पाठवतात, ट्यूबलाइटच्या उजेडात, अल्बमच्या प्लास्टिकसकट, आणि वर व्हॉट्सअॅप त्याला अजून दाबतं. ते मोठ्या पडद्यावर लावण्यालायक राहत नाहीत. म्हणून घरी जायचं, दोघांनी मिळून, त्यातला एक त्या घराच्या ओळखीचा.

"जुने फोटो आहेत का?" असं विचारलं की नव्वद टक्के घरांत "नाही हो, आमच्याकडं कुठले" हेच उत्तर येतं. कारण त्यांच्या मते वस्तीचा फोटो म्हणजे वस्तीचा काढलेला फोटो, आणि तसा कुणीच काढलेला नसतो. विचारायचं असं :

"आज्जी, थोरल्याचं बारसं कुठं केलं होतं?"
"तिथंच की, दारात मांडव घालून."
"मग फोटो काढला असेल की त्याचा."
"काढला होता बघ, पण त्यात आमची तोंडंच आहेत, चाळ कुठंय."

चाळ असते! मागची भिंत, खिडकीचे गज, दोरीवरची चादर, दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलेला नंबर. नवरानवरी बघू नका, नवरानवरीच्या मागं बघा. लग्न, बारसं, गणपती, मोहरमचे पंजे, कॉलनीतली क्रिकेटची टीम, नवी सायकल, नवी लुना, मयताच्या वेळचा शेवटचा फोटो, सगळ्यात मागं वस्ती उभी असते. शिवाय तालमीत, गणपती मंडळाच्या ट्रंकेत, शाळेत, जुन्या फोटो स्टुडिओत विचारा. पाडापाडीच्या वेळी पंचनाम्याला फोटो काढलेले असतात, ते पण.

पाडापाडीचे फोटो भरपूर मिळतात आणि आधीचे मिळत नाहीत, हे मात्र मनाची तयारी ठेवूनच जा. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पडली त्याचा व्हिडिओ गावात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असेल, पण चिमणी उभी असतानाचा, मुद्दाम नीट काढलेला फोटो किती जणांकडं आहे?

घरातनं फोटो न्यायचा असेल तर पावती द्या. साधी वही पुरते : तारीख, घर, किती फोटो, परत कधी, दोघांच्या सह्या. फोटोच्या मागं बॉलपेननं काही लिहू नका, त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते. लिहायचंच तर मऊ शिसपेन्सिलनं कोपऱ्यात नंबर.

त्याच वेळी परवानगी पण लेखी घ्या, फोटो कार्यक्रमात दाखवायला चालेल का, नंतर इंटरनेटवर टाकायला चालेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीला वेगळं हो-नाही घ्यायचं. कायद्याचं म्हणाल तर फोटो घरात आहे म्हणजे त्याचा हक्क घरच्यांचा असं नाही. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला असेल तर वेगळा करार नसताना हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, नाहीतर फोटोग्राफरचा, आणि पेपरवाल्यांच्या नोकरीतल्या फोटोग्राफरनं पेपरसाठी काढलेला असेल तर छापण्याचा हक्क सहसा पेपरच्या मालकाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोचा हक्क फोटोग्राफर गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. त्यामुळं पेपरात आलेला फोटो कापून लावण्याआधी एक पत्र लिहा. सांगून मागितलं की बहुतेक जण देतात.

सावधान : काही घरांत डबा उघडला की रडू येतं. तेव्हा फोन बाजूला ठेवा, फोटोचं नाव काढू नका, चहा घ्या, आणि दुसऱ्या दिवशी परत या.

## टप्पा ४ : स्कॅन

- साधे प्रिंट ६०० डीपीआयला, पासपोर्टएवढे बारके १२०० ला. निगेटिव्ह मिळाल्या तर फिल्म स्कॅनरवर २४०० च्या वर. निगेटिव्ह असेल तर प्रिंटपेक्षा तीच आधी.
- काळापांढरा फोटो पण कलरमध्येच स्कॅन करा, पिवळेपणा, शाईचे डाग, शिक्के त्यात राहतात. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, दाखवायला जेपेग वेगळी काढा.
- मागची बाजू पण स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी लिहिलेलं नाव तिथंच असतं.
- काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला निघत नसेल तर डेंटल फ्लॉसचा धागा मागनं हळू सरकवून सोडवा, तरी नाही निघाला तर पानासकट.
- फाइलला नाव नकाशातल्या घरनंबरानं द्या, "घर१७_०३" असं. "आज्जीचा फोटो नवीन फायनल" असं नको.
- फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्कॅनर नसेल तर मोबाइलवर जमतं, पण खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोटो सपाट ठेवून आणि मोबाइल त्याला समांतर धरून.

आणि कृपा करून अॅपमधनं काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरू नका. अॅप दाराला निळा रंग देईल आणि दार हिरवं होतं. तिथं बसलेल्या माणसाला ते दार हिरवं होतं हे पक्कं माहितेय, त्याला ते टोचतं. धूळ, ओरखडे काढायचे तर प्रतीवर काढा, मूळ फाइल आहे तशी ठेवा.

## टप्पा ५ : प्रत्येक फोटोखाली काय लिहायचं

चार गोष्टी : घरनंबर, दिसणारी माणसं, मागं काय दिसतंय, साधारण कधीचा. बस. "त्या सोनेरी दिवसांच्या आठवणी" वगैरे काही नको.

तारखेत लोक फार चुकतात. "मिल बंद पडली त्या वर्षीचा फोटो" असं कुणी सांगितलं की लगेच लिहून मोकळं व्हायचं नाही, कुठली मिल आणि कुठल्या वेळी ते विचारा. जुन्या मिलचंच घ्या, शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, ती ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, १९५० मध्ये केंद्र सरकारनं खास कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि कायमची बंद झाली ती बऱ्याच नंतर. म्हणजे "बंद पडली तेव्हा" या एका वाक्यात दोन वेगळे काळ बसतात. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या वेळा अजून वेगळ्या. त्यापेक्षा "तेव्हा तुमचा धाकटा कितवीत होता?" असं विचारा, त्याचं उत्तर पक्कं येतं.

फोटोवरनं पण अंदाज लागतो, करवतीसारख्या कातरलेल्या कडा असतील तर बहुधा पन्नास-साठच्या दशकातला. कोपऱ्यात केशरी आकड्यात तारीख असेल तर तिच्यावर डोळे झाकून विश्वास नको, कॅमेऱ्यातली तारीख कुणी लावतच नव्हतं. नक्की नसेल तर "१९७२ च्या दुष्काळानंतर, मुलीच्या लग्नाआधी" असं लिहिलं तरी चालतं, खोटा आकडा लिहिण्यापेक्षा ते बरं.

नावं माणूस जशी उच्चारायचा तशी. नरसम्मा असेल तर नरसम्माच, नरसाबाई करू नका.

तपासा : ओळी त्या घरातल्याच माणसाला वाचून दाखवल्या का? फोनवर नाही, समोर बसून.

## टप्पा ६ : निवड, आणि फोटो नसलेली घरं

दोनशे फोटो जमले तरी पडद्यावर चोवीस-पंचविसाच्या वर घेऊ नका. बाकीचे प्रिंट काढून हॉलच्या बाहेर नकाशाशेजारी लावा, लोक तिथं तासभर उभे राहतात.

क्रम वर्षाप्रमाणं लावला की माणसं हरवतात, चालण्याप्रमाणं लावा. चौकातनं आत शिरलो, पानपट्टी, मग पहिली ओळ, नळ, मग मागची ओळ, शेवटी दुसऱ्या टोकानं बाहेर. १९६० चा फोटो आणि १९९५ चा फोटो शेजारी आले तर येऊ देत, घर तेच आहे ना.

आता नकाशा आणि फोटो समोरासमोर ठेवा. कितीतरी चौकोनांना एकही फोटो नसेल. कॅमेरा ज्यांच्याकडं होता किंवा स्टुडिओत जायला पैसे होते त्यांचेच फोटो आहेत, आणि नुसतं तेवढं दाखवलं तर आपण वस्ती अजून एकदा पाडतो, असं मला खरंच वाटतं. त्यासाठी एक उपाय आम्ही करतो. त्या घरांची काळ्या पडद्यावर फक्त पांढरी अक्षरं : घर नंबर २३, आणि तिथं राहिलेल्यांची नावं. प्रत्येक पाटी दहा सेकंद. त्या वेळी निवेदन नाही, गाणं नाही, फक्त तानपुरा. आमच्या चाळीच्या कार्यक्रमात अशा अकरा पाट्या होत्या आणि दोन मिनिटं हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

## टप्पा ७ : आता गायक

आता तुमच्याकडं नकाशा आहे, चोवीस फोटो आहेत, पाट्या आहेत. हे सगळं घेऊन गायकाकडं किंवा वादकाकडं जा आणि त्यांना दाखवा. नुसतं "स्मरणाचा कार्यक्रम आहे, काहीतरी करुण गा" म्हणू नका. चांगल्या कलाकाराला फोटो दाखवले की तो स्वतःच सांगतो काय गाईन.

मोठं नाव पाहिजेच असं काही नाही. सोलापुरात, कलबुर्गी-विजापूर-मिरजेकडं उत्तम गाणारी माणसं आहेत, हा सगळा पट्टाच गाण्याचा आहे. मानधन आधी ठरवा, तबला, हार्मोनियम आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्यांचं सुद्धा, आणि अर्धं आधी द्या. आठवणीचा कार्यक्रम म्हणून फुकट गा, असं म्हणणं बरोबर नाही, मांडववाल्याला आपण फुकट लाव म्हणतो का?

रागाची वेळ सांभाळा, त्यानं कार्यक्रम अर्धा सावरतो. डिसेंबरात आपल्याकडं पावणेसहा-सहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. त्या वेळेला मारवा, श्री, पूरिया धनाश्री हे संधिप्रकाशाचे राग. सातच्या पुढं यमन, शुद्ध कल्याण, भूप. बागेश्री, मालकंस त्याहून उशिरा, त्यामुळं लवकर संपणाऱ्या कार्यक्रमात ते मागू नका. शेवटी भैरवी, ती मैफलीच्या शेवटाला कुठल्याही वेळी चालते.

मी मारव्याच्या बाजूची आहे. त्यात पंचम म्हणजे प नाहीच, आणि षड्जावर म्हणजे सा वर गायक इतक्या उशिरा टेकतो की घरी पोचायला वेळ लागतोय असं वाटत राहतं. पण त्याची एक व्यवहारी अडचण लक्षात ठेवा. मारव्याला तानपुऱ्याची पहिली तार पंचमावर चालत नाही, निषादावर किंवा धैवतावर लावतात. पुढं यमन घ्यायचा तर ती परत लावावी लागणार, आणि ते स्टेजवर लोकांसमोर करायला गेलं की पाच-दहा मिनिटं जातात आणि बनलेला माहोल मोडतो. म्हणून तानपुऱ्याच्या दोन जोड्या मागवा, दुसरी आत ग्रीनरूममध्ये आधीच लावून ठेवा. दुसरी जोडी मिळत नसेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा मदतीला घ्या. पट्टी, म्हणजे गायकाचा सा कुठल्या सुरावर ते पण आधी विचारा, काळी एक, पांढरी चार, काय असेल ती, तबलजीला त्याप्रमाणं तबला आणावा लागतो.

शेवटाकडं एक कन्नड वचन, म्हणजे शरणसंतांची भक्तिरचना, ठेवता आलं तर जरूर ठेवा. सिद्धरामेश्वर आपल्याच गावचे, त्यांची वचनं "कपिलसिद्ध मल्लिकार्जुन" या मुद्रेनं, म्हणजे सहीसारख्या नावानं संपतात, आणि वचनं रागदारीत गाण्याची वाट मल्लिकार्जुन मन्सुरांसारख्या मोठ्या गायकांनी घालून दिलीय. वस्तीत तेलुगू घरं जास्त असतील तर एखादं तेलुगू भजन, वारकरी असतील तर अभंग. ते कलाकारालाच विचारून ठरवा, चिठ्ठ्या पाठवून फर्माईश नको.

सावधान : सिनेमातली गाणी किंवा रेकॉर्डेड भावगीतं मध्ये वाजवायचा मोह होतो. त्यांना लायसन्स लागतं, आणि तसंही समोर माणूस गात असताना रेकॉर्ड कशाला.

## टप्पा ८ : हॉल, पडदा, आवाज

दीडशे-दोनशे माणसांचा हॉल पुरे. पायऱ्या नसलेला बघा, तसा मिळाला नाही तर व्हीलचेअर वर न्यायला चार पोरं ठरवून ठेवा. भारतीय बैठक आणि मागं खुर्च्या.

पडदा गायकाच्या मागं कधीच नको. स्टेजच्या एका बाजूला, थोडा तिरका. प्रोजेक्टर ३००० ल्युमेनच्या वरचा घ्या आणि तो गायकाच्या मायकापासून लांब ठेवा, त्याचा पंखा घोंघावतो आणि तो आवाज माइक नेमका पकडतो. छताचे पंखे गाण्याच्या वेळी बंद. लॅपटॉपचा ऑडिओ साउंड सिस्टिमला जोडूच नका, फोटोंना आवाज नाहीये, मग ती वायर कशाला, त्यातनं फक्त गुणगुण येते. तानपुऱ्याला स्वतंत्र माइक मागा, साउंडवाला "एकात होतंय की" म्हणेल, ऐकू नका. बहुतेक साउंडवाल्यांना ऑर्केस्ट्राची सवय असते, बास आणि इको कमी करायला आधीच सांगा.

खुल्या जागेत करणार असाल तर पोलिसांची लाउडस्पीकर परवानगी काढा, रात्री दहानंतर लावता येत नाही. लाइट जाणार हे धरून चाला, इन्व्हर्टर किंवा जनरेटर, आणि जनरेटर हॉलपासून लांब.

तपासा : दारं उघडण्याआधी पाऊण तास साउंड चेक. सगळे फोटो एकदा पडद्यावर फिरवून शेवटच्या रांगेतनं ओळी वाचता येतात का बघा.

## टप्पा ९ : प्रत्यक्ष संध्याकाळ

आम्हाला जुळलेलं वेळापत्रक असं :

१. साडेचार : दारं उघडा. चहा, बाहेर नकाशा आणि प्रिंट. शेजारी शिसपेन्सिल बांधून ठेवा, लोक नकाशात दुरुस्त्या करतात. जुने शेजारी वीस वर्षांनी भेटतात, त्यांना तासभर बोलू दे, नाहीतर तेच बोलणं गाण्यात होतं.

२. पावणेसहा : मारवा. पडदा काळा, किंवा एकच फोटो, वस्तीच्या तोंडाचा, संपूर्ण गाणंभर तोच. विलंबित एकतालाचं एक आवर्तन काही गायकांच्या लयीत मिनिटाच्या आसपास जातं, त्या संथपणात फोटो बदलला की सगळ्यांचं डोकं तिकडं वळतं. गाणं चालू असताना फोटो हलत नाही. लॅपटॉपवर बसणाऱ्याचा हात की-बोर्डवरनं काढून ठेवायला सांगा, खरंच सांगतेय.

३. साडेसहा : फोटो. गाणं पूर्ण बंद, तानपुरा पण नको. एकेक फोटो दीड-दोन मिनिटं, त्या घरातलं माणूस हजर असेल तर माइक त्याच्याकडं. लोकांना ओरडू दे, हसू दे, ही वेळ त्यांचीच आहे. निवेदकानं मध्ये शेर म्हणू नयेत.

४. साडेसात : यमन किंवा त्या वेळेचा दुसरा कुठलाही राग, अर्धा-पाऊण तास. पडदा काळा.

५. सव्वाआठ : फोटो नसलेल्या घरांच्या पाट्या, तानपुऱ्यावर. तिथनं थेट वचन किंवा अभंग, आणि भैरवी.

सत्कार, शाली, नारळ, प्रमुख पाहुण्यांची भाषणं पाहिजेतच असतील तर सगळी पावणेसहाच्या आत, चहाच्या वेळेत उरका. भैरवीनंतर माइकवर कुणीही येत नाही, आभारसुद्धा नाहीत. हे ठरवताना भांडण होतं, होऊ द्या.

रेकॉर्डिंग करायचं तर कलाकाराची लेखी परवानगी आधी, आणि मोबाइल वर धरून शूट करणाऱ्यांना प्रेमानं खाली बसवा.

## टप्पा १० : दुसऱ्या दिवसापासून

फोटो आठ दिवसांत परत, पावतीच्या वहीवर सही घेऊन. प्रत्येक घराला त्यांच्या फोटोंचे स्कॅन आणि एक चांगला प्रिंट द्या. एका आज्जींचा एकुलता एक फोटो आमच्यातल्या एकाच्या घरी चार महिने राहिला, आम्ही परत नेऊन देईपर्यंत त्या गेल्या होत्या. तेव्हापासून तारीख वहीच्या मुखपृष्ठावर लाल पेननं लिहितो.

फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्याच घरात आणि एक एखाद्या वाचनालयात किंवा विद्यापीठात. नकाशावर लोकांनी पेन्सिलनं केलेल्या दुरुस्त्या उतरवून घ्या, मूळ चार्ट पेपर गुंडाळी करून कोरड्या जागी ठेवा, घडी घालू नका, घडीवरच तो फाटतो आणि नेमकी मधली ओळ जाते.